कुणीच न वाजवलेला स्वर

ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीवर हिवाळ्यात पहाटे धुकं उतरलं की पलीकडचा भिवंडीच्या बाजूचा काठ नाहीसा होतो. पाणीही दिसत नाही. पाण्यावर टेकलेला पांढरा थर तेवढा दिसतो आणि त्यातून मधूनच एखाद्या होडीच्या इंजिनाचा आवाज येतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना अशाच एका पहाटे मित्राने खाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "बघ, आपलं गाणं." पाण्यावरचा धूर. डीप पर्पल या इंग्लिश बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ आम्ही चौघे तेव्हा दोन महिने बसवत होतो. त्या गाण्याचं नाव एका खऱ्या तळ्यावरच्या खऱ्या धुरावरून पडलंय, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात मी आवाजाबद्दल, कानाबद्दल, ठेक्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि जितकं कळत गेलं तितकं त्या खोलीत घडलेल्या गोष्टीचं नवल वाढतच गेलं.

खोली मित्राच्या घरामागची. दहा बाय दहा, वर पत्रे. तेव्हा कोलशेत रोडला कारखान्यांच्या लांबलचक भिंती होत्या, एअर फोर्स स्टेशनचं कुंपण होतं, आणि रस्ता संपता संपता आगरी-कोळ्यांचं गाव लागायचं. मित्राचं घर त्या गावात. खोलीत एरवी जाळी, दोर, बोया आणि वल्ही ठेवलेली असायची. तीन भिंतींना लागून नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग छातीपर्यंत आलेले, आणि सगळ्यावर सुक्या मासळीचा आणि डिझेलचा वास. मधल्या मोकळ्या जागेत आम्ही.

माझ्याकडे जुनी गिवसन गिटार होती. ड्रमवर बसणारा मित्र मूळचा गावातल्या बेंजो पार्टीतला, हळदीत आणि वरातीत वाजवणारा. दुसरा मित्र त्याच पार्टीत बेंजो वाजवायचा. आमच्याकडे ऑर्गन नव्हता, म्हणून ऑर्गनची जागा त्याच्या बेंजोने घेतली. तिसरा गायचा. बेस गिटार कुणाकडेच नव्हती. अॅम्प आणि पंधरा इंची स्पीकर हळदीच्या साउंडवाल्याचे, त्याला सुपारी नसेल त्या दिवशी मिळणारे.

एका दुपारी गाण्याची सुरुवात पहिल्यांदा नीट लागली. मी दोन तारा एकदम ओढल्या आणि छताच्या पत्र्याची एक सैल कड थरथरायला लागली. बेंजोवाल्या मित्राने मान वर करून पाहिलं. मी पुन्हा वाजवलं, कड पुन्हा थरथरली. एकच तार छेडली की ती गप्प. दोन तारा एकत्र, अॅम्प पूर्ण चढवलेला, की पत्रा बोलायचा. मित्राची आजी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ते सुरुवातीचं परत वाजवा.

तो पत्रा काय बोलत होता, ते समजायला मला बरीच वर्षं लागली.

आधी त्या सुरुवातीबद्दल. रॉकमध्ये गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरावळीला रिफ म्हणतात. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याचा हा रिफ जगात गिटार हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात वाजवून पाहतो. त्यात स्वर किती? आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. एवढेच. वरच्या ओळीत पंचमाला स्पर्शही नाही. दोन्ही मध्यमांची लगट ऐकून आमच्या गायक मित्राने, जो लहानपणी पेटी शिकला होता, पहिल्याच दिवशी विचारलं होतं की हे लोक ललत राग शिकलेत का. ललताशी त्याचा काही संबंध नाही, ते स्वर ब्लूजमधून आले. पण कान कुठे थबकतो ते त्याने बरोबर ओळखलं होतं.

ब्लॅकमोर हे स्वर एकेकटे वाजवत नाही. प्रत्येक स्वराच्या जोडीला त्याच्या खालचा चौथा स्वर असतो. म्हणजे षड्ज वाजतो तेव्हा त्याच्याबरोबर मंद्र पंचम वाजतो. आणि तो पिकने एकामागून एक तार न ओढता दोन बोटांनी दोन्ही तारा एकाच क्षणी उचलतो.

आता आकडे पाहा. यातला मंद्र पंचम सेकंदाला सुमारे १४७ कंपनांचा आणि षड्ज १९६ कंपनांचा. प्रमाण तीनास चार. खालची लाट तीनदा झुलते तेवढ्यात वरची चारदा झुलते, आणि दोघी पुन्हा एकाच जागी येतात. असं एकत्र येणं सेकंदाला ४९ वेळा घडतं.

अॅम्प सौम्य ठेवला असता तर या दोन लाटा आहेत तशाच स्पीकरमधून बाहेर पडल्या असत्या. पण अॅम्प त्याच्या कुवतीबाहेर चढवला की त्याला लाटेचे उंच माथे झेपत नाहीत. तो ते सपाट छाटून टाकतो. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. रॉक गिटारचा जो खरखरीत, भरदार, जरा रागीट आवाज आहे तो या छाटणीतून येतो. आणि दोन लाटांचे माथे एकत्र येतात तेव्हा छाटणी सर्वांत जास्त होते. म्हणजे अॅम्प सेकंदाला ४९ वेळा एकाच पद्धतीने चावतो. या चावण्याला स्वतःचा स्वर असतो! ४९ कंपनांचा. शिवाय त्याच्या पटीतले, ९८ कंपनांचा आणि त्याच्याही वरचे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ कंपनांचा असतो. ४९ चा स्वर गिटारवर नाहीच. तो कुणीही वाजवलेला नसतो आणि तरी तो खोलीत असतो.

आमचा पत्रा या खालच्या स्वरांना उत्तर देत होता.

याच्या पुढची गोष्ट तर मला आजही थक्क करते. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवलं की जो स्वर येतो तो नेमका ४९ कंपनांचा, याच गाण्याचा खालचा षड्ज. आमच्याकडे बेस नव्हती, पण बेसचा स्वर होता. आणि ९८? तंबोऱ्याच्या चार तारा आठवा: मंद्र पंचम, षड्ज, षड्ज आणि शेवटी खर्ज. मंद्र पंचम आणि षड्ज या जोडीचा खर्ज, या गाण्याच्या पट्टीत, ९८ कंपनांचा येतो. म्हणजे आम्ही तंबोऱ्याची पहिली आणि दुसरी तार छेडत होतो आणि चौथी तार आपोआप वाजत होती. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला रिफ आणि आपल्या देवघरातला तंबोरा एकाच हिशेबावर उभे आहेत.

तंबोरा ऐकणाऱ्यांना न वाजवलेला स्वर नवा नाही. तारा चोख लागल्या की खर्जातून गांधार डोकावतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात, आणि याहून चांगला शब्द मला कुठल्याही भाषेत सापडलेला नाही. तो गांधार ऐकू यावा म्हणून तंबोऱ्याची जवारी काढतात. घोडीचा माथा किंचित बाकदार घासून तारेखाली सुताचा धागा असा सरकवतात की तार घोडीला ओझरती घासत राहते. त्या घासण्याने आवाजात वरचे स्वर उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिताना दाखवलं की या घोडीमुळे असेही स्वर वाजतात जे तार जिथे छेडली त्या जागेच्या हिशेबाने वाजायलाच नको होते. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम हाताने आणि कानाने करत आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. स्वच्छ आवाज मुद्दाम थोडा खडबडीत केला की त्यातून नवे स्वर निघतात, ही गोष्ट मिरजेला रॉकच्या फार आधीपासून ठाऊक होती.

रॉकवाल्यांनी ती आडदांडपणे शोधली. अमेरिकेत लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’साठी अॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. लंडनमध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये स्पीकरचा पुठ्ठा ब्लेडने चिरला. दोघांनाही फाटका आवाज हवा होता. आमच्या साउंडवाल्याचा स्पीकर वर्षानुवर्षांच्या हळदींनी आधीच पुरेसा फाटला होता.

आणि हे सगळं अॅम्पमध्येच होतं असंही नाही. आपला कान स्वतः दोन स्वरांतून तिसरा तयार करतो. अठराव्या शतकात तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाला दोन तारा जोरात वाजवताना असा तिसरा स्वर ऐकू आला आणि तो त्याने आपल्या शिष्यांना सूर जुळवायला वापरायला शिकवला. आज नवजात बाळाची श्रवण तपासणी करतात तिचा एक प्रकार यावरच चालतो. बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून दोन स्वर सोडतात. आतला शंखाकृती भाग निरोगी असेल तर त्यातल्या पेशी तिसरा स्वर तयार करतात, आणि तो कानातून बाहेर येतो. नळीतला छोटा मायक्रोफोन तो टिपतो. एक दिवसाचं बाळ, झोपलेलं, आणि त्याचा कान गातोय. ब्रिटनच्या डेव्हिड केंप यांनी कानातून आवाज बाहेर येतो हे १९७८ मध्ये दाखवलं तेव्हा कित्येकांचा विश्वास बसला नव्हता. मला ते वाचल्यावर कितीतरी वेळ काही सुचलं नाही.

आता धुराकडे. ४ डिसेंबर १९७१ या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रो गावातल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली, छत पेटलं आणि सगळी इमारत जळाली. त्याच जागी दुसऱ्या दिवसापासून डीप पर्पल आपली तबकडी ध्वनिमुद्रित करणार होते; त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ ट्रकसकट येऊन उभा होता. बँडने हॉटेलातून धूर तळ्यावर पसरताना पाहिला. काही दिवसांनी बेसवादक रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो हे नाव तोंडात घेऊनच.

कॅसिनो गेल्यावर त्यांना गावातलं पॅव्हिलियन नावाचं सभागृह मिळालं. रात्री उशिरा रिफ वाजू लागला आणि शेजारपाजार जागा झाला. पोलीस आले. बँडच्या माणसांनी आतून दार धरून ठेवलं आणि तेवढ्यात वादनाचा तो तुकडा पुरा करून घेतला, असं बँडवाल्यांनीच नंतर अनेकदा सांगितलंय. मग ते हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात गेले आणि तिथल्या बोळात गाद्या रचून आवाज आवरला. ‘मशीन हेड’ ही तबकडी मार्च १९७२ मध्ये आली.

गाद्यांचं वाचलं तेव्हा मला आमची जाळी आठवली. रिकाम्या दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत ड्रम वाजवले तर आवाज भिंतींवरून उलटसुलट आदळून सगळ्याचा गोंगाट होतो. कापूस, गोधडी, जाळ्यांचा ढीग, ज्यात हवेला शिरायला असंख्य बारीक जागा आहेत, अशा वस्तूत आवाज शिरतो आणि धाग्याधाग्याशी घासून तिथेच विरतो. आमच्या आवाजाला जी सफाई होती ती कोळ्याच्या जाळ्यांनी दिली होती.

बेंजोबद्दल न लिहून कसं चालेल? ठाणे-मुंबईकडे ज्याला आपण बेंजो म्हणतो ते अमेरिकन बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग: लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, तिथून ते भारतात आलं आणि इथलं झालं. आगरी-कोळी गावांत त्याला विजेची जोड मिळाली: तारांखाली पिकअप, पुढे अॅम्प, पुढे भोंगे. विचार करा, तारवाद्य, पिकअप, कुवतीबाहेर चढवलेला अॅम्प, समोर बेभान नाचणारी माणसं. ही सगळी रॉकचीच सामग्री. कोलशेतला रॉक आम्ही आणला असं आम्हाला वाटत होतं. माझ्या मते तो वरातीपुढे आधीपासून चालतच होता. डीप पर्पलचा जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्पमधून फाडून वाजवायचा. आमच्या मित्राचा बेंजो त्याच जातीचा निघाला, आणि तारा जोडीने असल्याने त्याच्या आवाजात एक हेलकावा होता. दोन तारा किंचित वेगळ्या लागलेल्या असल्या की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. एक तार सेकंदाला ३०० वेळा आणि दुसरी ३०३ वेळा कंप पावली तर कानाला सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात.

ठेका मात्र भांडणाचा विषय होता. आमच्या ड्रमवाल्या मित्राच्या अंगात कोळीगीताची सहाची चाल भिनलेली, आणि हे गाणं सरळ चार-आठचं. पहिले पंधरा दिवस त्याचा हात प्रत्येक चौथ्या ओळीला होडीवर चढायचा. तो ठेका बसला, पण दुसरा रोग राहिला: गाणं नेहमी धावायचं. शांतपणे सुरू केलेलं गाणं संपेपर्यंत दम लागलेला असायचा. सगळा दोष आम्ही त्याच्यावर टाकत होतो, आणि आज मला त्याची माफी मागावीशी वाटते.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांच्या टाळ्या ऐकत टाळ्या वाजवायला लावल्या आणि मधला उशीर कमी-जास्त केला. उशीर साधारण दहा ते वीस मिलिसेकंद असला तर लय स्थिर राहिली. त्याहून वाढवला तर रेंगाळली. आणि अगदी कमी केला तर लय वाढत गेली! माणूस समोरच्या ठोक्याची वाट पाहत नाही, त्याचा अंदाज घेऊन किंचित आधीच हात टाकतो. नुसत्या घड्याळाच्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं तरी बोट ठोक्याच्या थोडं आधी पडतं. दोघेही असे थोडे आधी पडू लागले आणि मधे अंतरच नसलं, तर दोघे एकमेकांना पुढे ओढत नेतात. दहा-वीस मिलिसेकंद म्हणजे तीन ते सात मीटर. आमच्या खोलीत माझ्या आणि ड्रमच्या मधे जेमतेम दीड मीटर होतं. हा शोध वाचल्यापासून दिंडीत समोरासमोर उभ्या राहिलेल्या टाळकऱ्यांच्या दोन ओळी पाहिल्या की माझी नजर आधी मधल्या अंतराकडे जाते.

फार लांब गेलं की उलटी अडचण. २६ जुलै २०१५ रोजी इटलीतल्या चेझेना गावी एक हजार वादक-गायकांनी एका मैदानात फू फायटर्स या बँडचं ‘लर्न टू फ्लाय’ एकदम वाजवलं. बँडने आपल्या गावी येऊन कार्यक्रम करावा, एवढीच त्यांची विनंती होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँड खरंच आला. मैदानात पन्नास मीटरवरच्या ड्रमचा आवाज दीडशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो ऐकून वाजवलं तर गाणं विस्कटलंच. म्हणून उंच मचाणावर मार्को साबियू नावाचा संचालक उभा होता, कारण प्रकाशाला असा उशीर लागत नाही.

आमच्या कॉलेजचा तो काळ मुंबईत रॉकचा होता, हेही सांगायला हवं. त्याच्याही कितीतरी आधी, १९७२ मध्ये, लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या क्लबात वाजवून गेले आणि इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले. त्यातल्या एकाचं नाव ‘फ्रेंड्स’. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनमध्ये महेश तिनईकर गिटार वाजवत होते. त्या बँडचं नाव १९९३ मध्ये इंडस क्रीड झालं. तिनईकर हे आडनाव कॅसेटवर वाचून आम्हाला जो धीर आला होता तो शब्दांत सांगता येत नाही. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायचा, ऑगस्टच्या पावसात, उघड्यावर. ठाण्याहून लोकलने जाऊन, भिजून, शेवटच्या गाडीने परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी जाळ्यांच्या खोलीत जे ऐकलं ते हाताने शोधत बसायचं. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले, आणि जिथून कॅसेट आणायचो ते काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं.

एकत्र वाजवताना डोक्यात काय चालतं, तेही तपासलं गेलंय. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये गिटारवादकांच्या आठ जोड्यांच्या डोक्याला विद्युत-संवेदक लावून एकच छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवून घेतली. दोघांच्या मेंदूतल्या लहरी वाजवायला सुरुवात करताना एका ठेक्यात येत होत्या, आणि लय ठरवायला लावलेला मेट्रोनोम ऐकत दोघे थांबलेले असतानाही. यावरून दोन मनं एक झाली असं म्हणायची घाई मी करणार नाही. दोघे एकच आवाज ऐकत होते, तेवढ्यानेही लहरी सारख्या होऊ शकतात. पण ड्रमच्या काठ्या एकमेकींवर चार वेळा आपटतात, त्या चार टकटकींत चौघांचे श्वास कसे थांबतात, हे ज्याने अनुभवलंय त्याला त्या आलेखांचं आश्चर्य वाटणार नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या नौकाचालकांवर एक प्रयोग झाला होता. एकट्याने वल्ही मारल्यावर वेदना सोसायची ताकद वाढते, पण तेवढीच मेहनत एका तालात सगळ्यांनी मिळून केली तर ती कितीतरी जास्त वाढते. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी केलेली वल्ही त्यानंतर मला वेगळीच दिसू लागली.

आणि आठवण? ती दोन ठिकाणी राहते. प्रसंगांची आठवण एकीकडे आणि हाताची दुसरीकडे. ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांच्या मेंदूला १९८५ मध्ये विषाणूचा संसर्ग झाला. काही सेकंदांपूर्वीचंही त्यांना आठवेना, पण पियानोसमोर बसवलं की ते वाजवत. हात विसरले नव्हते.

लॉकडाउनमध्ये आम्ही चौघांनी व्हिडिओ कॉलवर ते गाणं वाजवून पाहिलं. मी गिटार घेतली, बेंजो आला, टकटक झाली आणि गाणं दुसऱ्याच ओळीला कोसळलं. नेटवरून आवाज यायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि चौघांचा उशीर वेगवेगळा. आम्ही चार वेळा प्रयत्न केला. मग गप्पा मारत बसलो.

जाळ्यांची खोली आता नाही, तिथे पाच मजली इमारत उभी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या गच्चीखालच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आम्ही जमलो. बेंजोवाला मित्र अजून हळदी वाजवतो, त्याचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा तयार. माझी बोटं कुठे पडावीत हे मला आठवत नव्हतं. मी विचार करायचं सोडलं, टकटक ऐकली, आणि बोटं पाचव्या पडद्यावर जाऊन बसली. अॅम्प छोटा होता, आठ इंची स्पीकरचा. असल्या स्पीकरमधून ४९ कंपनं धड बाहेरच येत नाहीत. तरी तो खालचा षड्ज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. वरचे स्वर बरोबर पटीत आले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० कंपनांच्या खालचं काही जातच नसे, तरी वडिलांचा घोगरा आवाज आपण ओळखायचोच ना, तसंच.

तुमच्या माळ्यावर गिटार, बेंजो, ढोलकी, जे असेल ते खाली काढा. नव्या तारांचा एक संच काही फार महाग नसतो. आणि त्या जुन्या मित्रांना घरी बोलवा, फोनवर नको. एकमेकांपासून तीन-चार मीटरवर बसा, आणि सुरुवात करायच्या आधी कुणाला तरी चार मोजायला सांगा.